साक्षीदारांची नावं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी कामगार कोर्टात कारकून होतो. बीडीडी चाळीतला एक गिरणी कामगार तिथे गिरणीविरुद्धच्या दाव्याच्या तारखांना यायचा. विणताना धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि अस्पृश्याचं उष्टं सूत इतरांना चालत नसे, म्हणून गिरणीने त्याची जात पाहून त्याला विणकामावर घेतलं नव्हतं. हे त्याला तिथल्याच विणकरांनी सांगितलं होतं. सुनावणीआधीच गिरणीच्या वकिलाने त्यांची नावं मागितली.

"नावं द्या, नाहीतर दावा काढून टाकावा लागेल," न्यायाधीश म्हणाले.

हातातली टोपी चुरगाळत तो म्हणाला, "दिली तर त्यांचंबी काम जाईल, साहेब. माझा दावा जाऊ द्या."

दावा गेला. जिन्यात दोन विणकर धास्तावून उभे होते. त्याला पाहून ते पुढे आले. मागून गिरणीचा वकील उतरत होता. विणकरांना ओळख न दाखवता तो कामगार तसाच खाली निघून गेला.