सालिह होजांच्या मदरशाचं छप्पर

माझा थोरला भाऊ रुफात छपरं घालायचा. आमच्या रोडोपीच्या डोंगरात घरांवर दगडी चिपा असतात, आणि त्या बसवाव्यात तर रुफातदादानंच, असं आसपासच्या गावांतही म्हणत. लहानपणी चार हिवाळे तो गावच्या मदरशातल्या गुरुजींपुढे, सालिह होजांपुढे बसला होता. कुराण वाचायला त्यांनीच त्याला शिकवलं.

एकसष्ट साली कम्युनिस्ट पक्षाचा माणूस आला. मदरसा पाडायचा आणि दगड सामुदायिक शेतीच्या गोठ्याला वापरायचे, असा हुकूम होता.

"छप्पर तू उतरवायचंस," तो दादाला म्हणाला. "नाही म्हणालास, तर तुझ्या पोरीला नर्सिंगला पाठवायचं विसर."

दादा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शिडी खांद्यावर टाकून गेला.

दुपारी मी पाव आणि चीज घेऊन गेले, तर शिडी धरून खाली सालिह होजाच उभे. सत्तरी उलटलेली.

"आढ्यापासून काढ रे," ते वर बघून सांगत होते. "खालून काढशील तर वरचं सगळं अंगावर येईल."

"होजा, तुम्ही घरी जा ना."

"आणि तू पडलास म्हणजे? तुझ्या बायकोला काय सांगू मी?"

वर दादा रडत होता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. तीन दिवस होजांनी ती शिडी सोडली नाही. पुढल्या मार्चमध्ये ते वारले.

जवळजवळ तीस वर्षांनी ती राजवट गेली आणि मदरसा पुन्हा बांधायचं ठरलं. मशिदीच्या अंगणात सगळे जमले. दादा सत्तरीला टेकला होता. तो उठून म्हणाला, "छप्पर मी घालतो. मजुरी नको."

होजांची मुलगी शाझिये तिथंच बसली होती. मदरसा पाडला त्या वर्षी ती सासरी, पलीकडच्या खोऱ्यात होती.

"तू नको, रुफात," ती म्हणाली. आवाजही चढवला नाही. "माझ्या बापाच्या डोक्यावरचं छप्पर तू काढलंस. दुसरा कोणीही चालेल."

मी उठायला लागले. दादानं बाही धरून मला खाली बसवलं.

वाटेत मी त्याच्याशी भांडले. "सांगायचं होतंस ना, तिच्या बापानंच शिडी धरली होती म्हणून."

"म्हणजे आता मेलेल्या बापावर चिडायचं तिनं? राहू दे. माझ्यावर चिडलेली बरी."

खालच्या गावातून गवंडी आणले. त्यांनी पत्रे ठोकले. पहिल्या हिवाळ्यात अकरा मुलं आली, मग पाच. आईबाप प्लोव्हदिवला, जर्मनीला गेले, मुलंही गेली. सातव्या वर्षी मदरसा बंद पडला. दादा कधी त्या रस्त्यानं गेला नाही. दुकानातून पाव आणायलासुद्धा ओढ्याकडून वळसा घ्यायचा.

दादा वारला तेव्हा रिवाजाप्रमाणे शाझिये हलव्याचं ताट घेऊन दारात आली. उंबऱ्याशीच थांबली.

"माझं जरा जास्तच झालं का गं तेव्हा?" तिनं विचारलं.

शिडीचं सगळं ओठावर आलं होतं. पण दादानं बाही धरल्यासारखं वाटलं.

"बस," मी म्हटलं, आणि तिच्या हातातलं ताट घेतलं.