फूल पडेपर्यंत

त्या मंगळवारी मी देवीवर रागावूनच देवळात गेले होते. माझ्या धाकट्या भावाची मुलगी सानिका, वय नऊ, कित्येक महिने एक शब्दही बोलत नव्हती. शाळेत बाईंनी फळा पुसायला हात वर केला तरी बाकाखाली शिरायची. रात्री अंथरूण ओलं व्हायचं आणि स्वतःचेच केस उपटून तिनं डोक्यामागं टक्कल पाडलं होतं. नेसरीजवळच्या आमच्या गावानं एकमतानं ठरवून टाकलं होतं की पोरीला बाहेरचं लागीर झालंय. अंगारे झाले, गंडेदोरे झाले. शेवटी देवीचा कौल लावायचा म्हणून मलाही कोल्हापुराहून बोलावलं. मी शिवाजी पेठेत शिवणकाम करून एकटी राहते.

सकाळी देवळात न्यायचं म्हणून तिला न्हाऊ मी घातलं, तेव्हा पाठीवरचे वळ दिसले. काही जुने, काही ताजे. भावाला विचारलं तर म्हणाला, खेळताना पडली. आयुष्यभर कापडाची पट्टी मापणाऱ्या बाईला कमरेच्या पट्ट्याची रुंदी कळत नाही असं त्याला वाटलं असावं. मला संताप आला, त्याचा तर आलाच, पण देवीचाही. इतकी वर्षं तुझी ओटी भरते बाई, आणि तुझ्या डोळ्यांदेखत हे?

आमच्याकडे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. ज्यानं प्रश्न घातला त्यानं फूल पडेपर्यंत जागचं हलायचं नाही, हलला तर देवीचा कोप. भावानं प्रश्न घातला, पोरीला बाहेरचं लागलं असंल तर उजवं दे. उजवं पडलं की तिला एका भगताकडे ठेवायचं ठरलं होतं. तो भूत छडीनं उतरवतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सानिका माझ्या मांडीवर लाकडासारखी ताठ बसली होती. मी मनात म्हटलं, उजवं पडलं तरी मी तिला नेऊ देणार नाही, मग तू माझ्यावर कोपलीस तरी चालेल.

फूल पडेना. पुजाऱ्यानं दोनदा गाऱ्हाणं घातलं, तरी दोन्ही फुलं जागच्या जागी. देवीला बांगड्या घेऊन आलेली एक मुसलमान म्हातारी उंबऱ्याबाहेर थांबली होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. ती अगदी सहज भावाला म्हणाली, "पावणं, देवी बोलंना तवर पोरीलाच इचारा की."

कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. माझ्या मांडीवरून आवाज आला, बारीक, बसलेला.

"मला काय बी लागलं न्हाय. पप्पा मारत्यात."

भाऊ ताडकन उठायला गेला, तसा पुजारी करड्या आवाजात म्हणाला, "खाली बस. कौल लागायचा हाय." आणि पोरीवर बेधडक पट्टा उगारणारा माझा भाऊ देवीच्या भीतीनं मटकन खाली बसला.

प्रश्न मी घातला नव्हता. मला कुणी अडवू शकत नव्हतं. मी पोरीला कडेवर घेतलं आणि बाहेर पडले. माझी भावजय दारात उभी होती. तिनं आपली शाल पोरीच्या अंगावर टाकली. एसटी लागलेलीच होती.

पुढं सोपं नव्हतं. पोलिसांत तक्रार, बालकल्याण समितीपुढं चकरा, नातेवाइकांचे फोन. बाप हाय, मारणारच की, घरची अब्रू चव्हाट्यावर आणलीस. मी सांगितलं, अब्रू पोरीच्या पाठीवर होती, मी फक्त दाखवली. मनाच्या डॉक्टरबाईंनी समजावलं की सतत मार खाणारं लेकरू झोपेतही सावध राहतं, ते भूत नव्हे, ती भीती. आणि ती जाते, पण वेळ घेते. देवीवर भरवसा आहे तसाच मी डॉक्टरबाईंवर ठेवला.

भावजयीनं नंतर कळवलं, आमची एसटी गावाबाहेर पडल्यावर फूल पडलं. उजवं की डावं, मी विचारलं नाही. मला हवा तेवढा वेळ देवीनं ते धरून ठेवलं, यापुढं माझी तक्रार नाही. शरण जायचं ते तिला. मारणाऱ्या हाताला नाही, मग तो हात बापाचा का असेना.

परवा मी सानिकाला दूध पी म्हणून दोनदा सांगितलं. तिनं पेला आपटला आणि सगळी गल्ली ऐकेल अशी माझ्यावर ओरडली, "आत्ती, नको म्हणलं की एकदा!"

मी आत गेले आणि देवीपुढं साखर ठेवली.