गाडीखाली अंथरलेला दुपट्टा

आमच्या मिस्त्रीला वास येत नव्हता. डिझेल इंजिनाच्या गळत्या काढणारा माणूस, आणि नाकाने साफ ठार. कोरोनाच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाला होता, येईल हळूहळू. मिस्त्रीने वर्षभर वाट पाहिली आणि मग तो विषयच बंद करून टाकला. कोणी कीव करायला गेलं की म्हणायचा, "गेला त गेला. नाकानं पाना पकडत होतो काय मी?" लोक त्याला बिननाकाचा मिस्त्री म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि तोही त्या नावाला बिनदिक्कत ओ द्यायचा.

सानगडीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्याचं दुकान होतं. टिनाचं छप्पर आणि दोन पळसांची सावली, बस. मी दिघोरीची. आमचं घर ढिवराचं. नवरा तलावात जाळं टाकतो आणि मासोळी पिकअपमध्ये घालून सानगडीच्या बाजारात मी नेते. गाडी मीच चालवते. ज्यांना त्याचं नवल वाटायचं होतं त्यांचं वाटून झालं आता.

मिस्त्रीची जीभ मोठी तिखट होती. एकदा माझ्यासमोरच एका राइस मिलचा मालक धानाने भरलेली गाडी घेऊन आला. इंजिनाच्या पाइपातून डिझेलची बारीक धार उडत होती आणि ड्रायव्हर ती हाताने दाबायला गेला. मिस्त्रीने त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली. जोराची धार कातडीच्या आत घुसते, हात सडतो, हे त्याला माहीत होतं. तो स्वतः पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून धार कुठून येते ते पाहायचा. मालकाला घाई होती. "काहीतरी बांधून दे ना लवकर," तो म्हणाला. मिस्त्रीने वरही पाहिलं नाही. "बांधून मुडदा नेतेत मालक, गाडी नाही." मालक लाल झाला, पण दुपारपर्यंत मुकाट्याने पळसाखाली बसून राहिला.

त्याच वर्षी माझी गाडी गळायला लागली. गळायची थेंब थेंबच, पण सकाळी सुरू व्हायला नखरे करायची. मग मी बॉनेट उघडायची, डिझेल चढवायचा हातपंप मारायची, पाइपाच्या जोडावर धुण्याचा साबण चोळायची आणि वर फडकं गुंडाळायची. आमच्याकडे टाकी गळली की साबण लावतात. मी म्हटलं, टाकीला चालतो तर पाइपाला का नाही चालणार. हात पदराला पुसायची आणि त्याच हातांनी बर्फ फोडायची, मासोळीच्या पेट्या ओढायची. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

बाजारात माझ्यापासून चार हातांवर फुलाआत्या बसायची. माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. चाळीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन मासोळी विकलेली बाई. माझी पिकअप आली तेव्हापासून तिचं आणि माझं बोलणं बंद होतं. एका बाजारी तिने माझ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "तिची मासोळी डिझेल पेते." गिऱ्हाइकाने हातातली रोहू नाकाला लावली आणि खाली ठेवली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी आत्या खरं बोलली होती. पण पुढच्या बाजारी कोणी हुंगण्याचेही कष्ट घेतले नाहीत. दोन पेट्या तशाच घरी आल्या. त्या बाजारावर आमची चूल पेटायची. असे आणखी चार बाजार गेले असते तर गाडी विकून मीही टोपली उचलली असती, आणि आत्याला नेमकं तेच हवं होतं.

मी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, माझा साबण पाहिला आणि कपाळाला हात लावला. "इंजनाले आंघोळ घालून राहिली काय, बाई?" खिळ्याने त्याने तो सगळा साबण कोरून काढला. मग इंजिन धुतलं, पुसलं आणि वाळेपर्यंत तासभर बसला. सगळं कोरडं ठणठणीत झाल्यावर त्याने डबा उघडला. त्यात तांदळाचं पीठ. चिमटीने त्याने एकेका जोडावर पीठ भुरभुरलं आणि मला गाडी सुरू करायला लावली. मी म्हटलं, थेंब तर मागे पडतो, केबिनखाली. "थेंब पडते तिथं गळत नसते. चोरी झाली तिथं चोर बसून राहते काय?" थोड्या वेळाने अगदी वर, डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपाच्या बोल्टाजवळ पिठावर ओली काळी रेघ उमटली. तिथून डिझेल पाइपाच्या पोटाने घरंगळत मागे जात होतं. मी साबण लावत होते तो जोड बिचारा ठणठणीत होता.

बोल्टाखालचं तांब्याचं वायसर झिजून कडक झालं होतं. त्याने ते स्टोव्हवर लालभडक तापवलं, पाण्यात बुडवलं आणि सपाट दगडावर घासलं. तापवलं की तांबं नरम पडतं आणि जागेवर नीट बसतं. रबराचा पाइप नवा घातला. बोल्ट आवळताना मी म्हटलं, अजून जरा कसून आवळा. तो थांबला आणि पाना माझ्यापुढे धरला. "जोर लावणाऱ्याच्याच गाड्या येतेत माह्या दुकानात. तुले कसाचं असन त कस, मंग दुरुस्त दुसऱ्याकडून कर." मी पान्याला हात लावला नाही. माझ्यासारखीला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

त्या दिवसापासून मी हात सोड्याने घासायला लागले, पेट्या उन्हात वाळवल्या. गळती थांबली, वास गेला, लोकांचं बोलणं काही थांबेना. पुढच्या बाजारी एकच रोहू विकली गेली, तीही परगावच्या माणसाला. परतताना मी मिस्त्रीच्या दुकानासमोर गाडी उभी केली आणि त्याच्यावरच ओरडले. त्याचा काही दोष नव्हता, पण राग कुठेतरी काढायचाच होता. "तुमचं काम झालं, पण माझा धंदा गेला," मी म्हटलं. त्याने सावकाश हात पुसले. "काम माहं आहे ना? मंग नाव मलेच ठेवून राहिले लोकं. येतो मी बाजारात."

आणि खरंच आला. माझ्या शेजारी केबिनमध्ये बसला, धुतलेला सदरा घालून. खांद्यावर पांढरा दुपट्टा होता, मुलीच्या लग्नात व्याह्याने दिलेला, अजून घडी न मोडलेला. मासोळी बाजाराच्या टोकाला रस्ता थोडा उतरता आहे, तिथे मी गाडी लावली. तो वाकून गाडीखाली शिरला आणि इंजिनाखाली तो कोरा दुपट्टा अंथरला. मला म्हणाला, गाडी सुरू ठेव. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि भर बाजारात मोठ्याने बोलला, "आयका. या गाडीतून डिझेलचा एक थेंब जरी याच्यावर पडला, त आजपासून माहं दुकान बंद."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "तुले त वासच येत नाही. डिझेल का पानी, तुले काय समजन?"

"मले नाही येत. तुमाले येते ना? मंग बसा इथं."

लोक बसले. सौदा राहिला बाजूला, माणसं उकिडवी बसून गाडीखाली पाहू लागली. इंजिन धडधडत होतं, ऊन चढत होतं. तासाभराने दुपट्ट्यावर तळहाताएवढा एक डाग उमटला.

मिस्त्रीने दुपट्टा बाहेर ओढला आणि डाग अंगठ्याने बोटावर चोळला. पाणी आणि डिझेल तो असंच ओळखायचा. डिझेल बुळबुळीत लागतं. पण मासोळीचं पाणीही बुळबुळीतच असतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले, याला काही कळत नाहीये. पेटीतलं बर्फाचं पाणी उताराने पुढे आलं असेल, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला थांबवलं. माझ्या शब्दाला त्या बाजारात किंमत नव्हती, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

तो सरळ फुलाआत्यापुढे जाऊन उभा राहिला. "माय, चाळीस वर्षं झाले तू मासोळी विकून राहिली. तूच सांग."

"मीच काहून?"

"तुह्याच नाकावर त हा बाजार चालून राहिला."

आत्याने दुपट्टा नाकाशी नेला. एकदा हुंगला, परत हुंगला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला तिचा इतका तिरस्कार वाटत होता की मी नजर वळवली नाही. एक शब्द बोलली असती तर मी संपले होते, आणि मिस्त्रीही.

"मासोळीचं पानी होय," ती म्हणाली. दुपट्टा त्याच्या हातात कोंबला आणि बसल्या जागेवरून माझ्याकडे बोट दाखवलं. "भांडन माहं हिच्याशी आहे, नाकाशी नाही."

त्या दिवशी पेट्या रिकाम्या घेऊन परत निघाले. वाटेत मी विचारलं, "मिस्त्री, आत्या खोटं बोलली असती तर?"

"त दुकान बंद."

"पण गळत तर नव्हतं."

"गळत नव्हतंच. पन मी बोललो होतो ना." त्याने बाहेर धानाच्या बांध्यांकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाला, "मासोळीचा वास कसा राहते, बाई? मी विसरलो." रोज माझ्या हाताला असतो तो वास, आणि मला काही केल्या सांगता येईना. मला रडू आलं, मी गाडी चालवत राहिले.

दोन वर्षांपूर्वी, सकाळी दुकानात चहा पिता पिता मिस्त्री गेला. छातीत कळ आली म्हणे. देवाने एवढी घाई करायची काही गरज नव्हती. मी अजून देवावर रागातच आहे. गाडी आता दुसरीकडे नेते. पोरं हुशार आहेत, हत्यारं नवी आहेत, माझं काही म्हणणं नाही. काम झालं की किल्ली हातात देतात आणि म्हणतात, ताई, पक्कं काम आहे. मी म्हणते, मग बाजाराला चला माझ्यासोबत. गाडीखाली कपडा मी अंथरते, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा. ती हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करते. मी केबिनचं दार उघडून थोडा वेळ थांबते. अजून कोणी येऊन बसलेलं नाही.