निनादच्या कमरेचं पिस्तूल

निनाद गेला, आणि मला अजूनही त्याचा हेवा वाटतो.

हे वाचून ज्यांना मला अनफ्रेंड करायचंय त्यांनी खुशाल करा. चार दिवस त्याच्या वॉलवर सगळे लिहितायत, देवमाणूस होता.

होताच. तेच तर मला सहन व्हायचं नाही.

तो पुण्याचा इंजिनियर, इथे न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला चांगल्या नोकरीवर आलेला. मी पॉलिटेक्निक अर्धवट सोडून इथल्याच हॉर्नबी उपनगरात घोड्यांची खोगिरं आणि चामड्याचे पट्टे शिवणाऱ्या दुकानात लागलेलो. आई अजून फोनवर नातेवाइकांना सांगते, मुलगा डिझाइनमध्ये आहे.

आणि सायली.
तिच्याबद्दल मला काय वाटतं हे इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं. काकवांनासुद्धा.

गेल्या गणपतीत मंडळाचं नाटक होतं. साध्या वेशातला पोलीस 'स्थळ' म्हणून मुलीच्या घरी येतो आणि तिसऱ्या अंकात कोटाखालून पिस्तूल काढून तिच्या स्मगलर मामाला पकडतो.

पोलीस निनाद. मुलगी सायली.
प्रॉपर्टी सांभाळायला मी.

पिस्तूल खेळण्यातलंच, पण आमचे दिग्दर्शक बापट काका, त्यांनी खऱ्याच्या मापाचं आणि खऱ्याइतकं जड मागवलं. काढल्यावर शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे, आणि काढेपर्यंत पहिल्या रांगेला कळता कामा नये. मला म्हणाले, तू चामड्यातला माणूस, बघ काहीतरी.

बघितलं.

आधी घोट्याला बांधलं. पण मराठी घरात बूट घालून कोण शिरतं? निनाद दारात बूट काढायला वाकला, पॅन्ट वर सरकली आणि ते धूड सगळ्यांसमोर.

मग पाठीमागे, कमरेत. पण बघायला आलेला मुलगा मोठ्यांच्या पाया पडतो. तो वाकला की कोट ताणला जायचा आणि पिस्तुलाची मूठ बैलाच्या वशिंडासारखी वर यायची. सोफ्यावर टेकून बसला की मणक्यात टोचायचं ते वेगळंच.

मग काखेखाली, डाव्या बरगडीवर. उठायला बसायला झकास. फक्त दुसऱ्या अंकात सायली त्याला मिठी मारते, तेव्हा पिस्तूल तिच्या गालाला लागायचं. आणि गोष्टीत तर तिला ते कळायला नको.

मी म्हणालो, मिठी काढून टाकू. काय अडलंय?

काका विचारात पडले. सायलीने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा स्क्रिप्टमध्ये डोकं घातलं.

त्यानंतर मी उजव्या कमरेला लावलं, पोटावर लावलं, आणि प्रत्येक वेळी तिचा हात नेमका तिथेच पडायचा.

मुद्दाम. हो, मुद्दाम. परत वेळ आली तर परत करीन.

एका दुपारी निनाद ट्रायलला दुकानात आला. हात वर करून उभा. मी पट्टा आवळत होतो, जरा जास्तच.

"खरं सांग," तो म्हणाला, "तुला पिस्तूल लपवायचंय की मिठी?"

मी आणखी एक भोक आवळलं.

"तू तिला विचारून टाक ना. नाटक होईपर्यंत मी काही बोलत नाही. नंबर तुझा आधी आहे."

"मला तुझी भीक नकोय."

"बरं," म्हणाला. "श्वास घेऊ का आता?"

असा माणूस. धड भांडायलाही मिळायचा नाही.

तो गेला आणि मी इतका भडकलो की त्याच दिवशी बरोबर होल्स्टर शिवलं. पॅन्टच्या आत, उजव्या कुल्ल्याच्या किंचित मागे, मूठ पुढे झुकलेली. कारण नळी कुठेही लपते, लपत नाही ती मूठ. अंगाकडून रुंद मऊ चामडं, म्हणजे वजन एका जागी रुतत नाही. वर दुहेरी पट्टा. मी स्वतः घालून दुकान झाडलं, स्टुलावर बसलो, उठलो, भिंतीला वाकून नमस्कार केला. बॉस बघत होता. म्हणाला, "यू ओके, मेट?"

पुढच्या तालमीत मीच सायलीला सांगितलं, डावा हात त्याच्या खांद्यावर ठेव, उजवा कमरेला.

तिची मिठी मी बसवून दिली. लोकांना हे माहीत नाही.

तिला विचारणार होतो. प्रयोग झाला की विचारणार होतो.

तालमीत ती मिठी काकांच्या टाळीपर्यंत असायची. काकांनी टाळी दिली की दोघं सुटायचे. प्रयोगात टाळी द्यायला कोणी नव्हतं.

पिस्तूल कुणालाही दिसलं नाही.
मला विंगेतून बाकी सगळं दिसलं.

मार्चमध्ये त्यांचा साखरपुडा झाला. मी गेलो नाही. फेसबुकवर फोटो मात्र एकूण एक बघितले.

आणि मंगळवारी वेस्ट कोस्टहून येताना त्याची गाडी दरीत गेली. एकटाच होता.

आता मी काय करू? जिवंत निनादशी निदान स्पर्धा होती. आता तो कधी तिच्यावर खेकसणार नाही, त्याचं पोट सुटणार नाही, तिचा वाढदिवस विसरणार नाही. अशा माणसापुढे माझ्यासारख्याने उभं तरी कसं राहायचं?

बुधवारी सायलीचा फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव बघून मी मशीन चालू ठेवून बाहेर पळालो. त्या दोन सेकंदांत मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

आवाज पार बसला होता. फ्युनरल होमवाले कपडे मागत होते, त्याचे आईबाबा अजून विमानात होते, आणि तिला त्याला नवीन कपडे घालायचे होते.

"मला त्याचं मापच माहीत नाही रे," म्हणाली. "तुला माहीत असेल."

होतं. कंबर, छाती, उजव्यापेक्षा डावा खांदा जरासा उतरलेला. अंगठी तिच्या बोटात होती आणि हे माहीत होतं मला. क्षणभर वाटलं, जिंकलो.

मग ती रडायला लागली आणि मी म्हणालो, तू थांब, मी आणतो.

हॉर्नबीच्या मॉलमध्ये कोट निवडताना काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, लग्न आहे का?

मी हो म्हणालो.

आज दुपारी तो तेच कपडे घालून गेला. चांगला दिसत होता. नेहमीसारखाच.

श्रद्धांजली बाकीच्यांनी लिहिलीच आहे. माझ्याकडून एवढंच.

नीट जा रे, निनाद.