एल्साबायची पेटी आणि उधव्याची तबकडी

नाशिकहून डहाणूची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर टिपकागदाचा गठ्ठा होता आणि पायाशी पुठ्ठ्याची चार रिकामी खोकी. शेजारच्या बाईंची खात्रीच पटली होती की खोक्यांत मिठाई आहे. जव्हार येईपर्यंत त्यांनी दोनदा विचारलं, "लग्नाला निघालात?"

"नाही हो. जुनी कागदपत्रं आणायला."

त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. "जमिनीचं भांडण. आमच्यातही आहे."

मी ते तसंच राहू दिलं. खरं सांगायला बसले असते तर चारोटी नाका आला तरी संपलं नसतं. पण तुम्हाला सांगते.

मी एका ग्रंथालयात तीस वर्षं फाटके कागद जोडण्याचं काम केलं आणि निवृत्त झाले. लंडनहून रूथ नावाच्या बाईंची मेल आली ती त्यानंतर. त्यांची आजी एल्सा व्हिएन्नाची, ज्यू. हिटलरच्या राजवटीत जीव वाचवून ती १९३९ साली मुंबईला उतरली, नर्सचं काम करू लागली, आणि एका आजारी बागाईतदाराची सेवा करताना त्यांच्याच डहाणूच्या वाडीत (चिकूच्या बागेत) राहायला गेली. दहा वर्षांनी ती इंग्लंडला गेली, पण एक पेटी वाडीतच राहिली. पेटीत तिच्या आईवडिलांची पत्रं, फोटो, आणि आईच्या आवाजाची एक तबकडी. तिचे आईवडील व्हिएन्नातून सुटू शकले नाहीत. त्यांना पूर्वेकडे नेलं, आणि पुढे पत्र आलं नाही.

आता २०१९ चा जानेवारी होता, आणि डहाणू-तलासरीत नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत होते. रूथबाईंनी लंडनमध्ये ती बातमी वाचली आणि त्यांची झोप उडाली. मेलच्या शेवटी एकच वाक्य होतं: "घर पडण्याआधी जाल का?"

वाडी आगरच्या रस्त्याला होती. दारात त्या बागाईतदाराच्या घरातले वसंतकाका राऊत उभे होते. वय ब्याऐंशी, अंगात पांढरा सदरा, हातात शिटी. धक्का बसला की ती वाजवून सगळ्यांना बाहेर काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. "आज दोनदा वाजवली," ते अभिमानाने म्हणाले.

"एकदा ट्रक गेला होता," आतून सुमनकाकू म्हणाल्या.

चहा झाल्यावर मी पेटीचा विषय काढला. काका सावध झाले.

"एल्साबाय मला म्हणाली होती, मी मागवीन तेव्हा पाठव. तिने मागवली नाही."

"काका, त्या वारल्या."

"माहीत आहे मला. पण म्हणून तिचा शब्द कसा मोडायचा?"

मी रूथबाईंचं पत्र दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं. "नात चांगली आहे. पण मला हिने पेटी दिली नव्हती."

पेटी दाखवायला मात्र त्यांची ना नव्हती. दाखवायचा त्यांना उत्साहच होता. पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या आणि त्यात बांधलेली पुडकी. "दर दिवाळीनंतर सगळं अंगणात उन्हात घालतो," ते म्हणाले. "दिवसभर. बोंबील वाळवतात तसं."

मी डोळे मिटले. उन्हाने फोटो कसे पुसट होतात हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आले होते. उघडले तेव्हा काकांच्या हातात एक जाड, चकाकतं पान होतं. एल्साच्या पासपोर्टचं पहिलं पान, त्यावर लाल शाईतलं मोठं 'जे' अक्षर: ज्यू असल्याची खूण. काकांनी ते डहाणूत नेऊन लॅमिनेट करून आणलं होतं.

"आता याला काही म्हणजे काही होत नाही," असं म्हणून त्यांनी तांब्या उचलला आणि माझ्यादेखत त्यावर पाणी ओतलं.

मी किंचाळले. काकांनी लगेच शिटी वाजवली. सुमनकाकू पदर खोचत अंगणात धावल्या, मागोमाग वाडीतले दोन गडी. सगळे बाहेर उभे राहून घराकडे बघत होते आणि घर शांत उभं होतं. शेवटी काकूंनी विचारलं, "झालं काय?"

"पाहुण्या घाबरल्या," काका म्हणाले.

जेवायला ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. संध्याकाळी काकूंनी भजी केली. भज्यांचा घाणा एका पांढऱ्याशुभ्र कागदावर निथळत होता. "तुमच्या गठ्ठ्यातला घेतला हं एक," त्या म्हणाल्या. "किती छान तेल ओढतो हो! कुठे मिळतो?" तो टिपकागद मी खास पुण्याहून मागवला होता. भजी फार चांगली होती. मी सात खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओटीवर बसून पत्रांचे फोटो काढत होते. काका पहारा देत होते. एकाएकी जमिनीखालून गडगड आल्यासारखं झालं, फडताळातली भांडी खणखणली आणि छताचा गिलावा माझ्या केसांत पडला. या वेळी ट्रक नव्हता. मी हातातली पत्रं छातीशी धरून अंगणात पळाले. काका माझ्या मागून आले, दोन्ही हातांत पेटी कवटाळून. पायरीचा अंदाज चुकला आणि ते पेटीसकट खाली आले. पेटी त्यांनी वर धरली होती, म्हणून तिला पोचाही आला नाही. पाय मात्र मुरगळला.

सगळ्यात शेवटी सुमनकाकू स्वतःहून, सावकाश, पोळपाट हातात घेऊन बाहेर आल्या.

"शिटी वाजवली नाही," त्या म्हणाल्या.

"हात रिकामे नव्हते," काका कण्हत म्हणाले.

"सत्तावन्न वर्षं झाली लग्नाला. धक्का बसला आणि हे पेटी घेऊन पळाले. मी आत होते!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रांकडे पाहिलं.

"बाई," काकू मला म्हणाल्या, "ही पेटी आजच्या आज तुमच्या ताब्यात. नाहीतर मी यांचं हिच्याशीच लग्न लावून देते."

काका पायरीवर टेकले. घोटा सुजत होता. मग म्हणाले, "मी सहा वर्षांचा होतो. तापाने फणफणलो होतो. ती तीन दिवस माझ्या उशाशी बसून होती. तिच्या आईची चौकशी करणारी तिची पत्रं तेव्हा परत यायची, शिक्के मारून. ती माझं डोकं पुसायची आणि पत्र पेटीत ठेवायची. मला वाटायचं, पेटी म्हणजे तिची आई." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "उन्हात घालत जा म्हणजे झालं."

"घालीन," मी म्हटलं. आयुष्यात कामाच्या बाबतीत एवढं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते.

सगळं तपासलं. पत्रं होती, फोटो होते, तबकडी नव्हती.

"ती इथे कुठली?" काका म्हणाले. "ती लखमीकडे. उधव्याला."

लखमी ही वारली आदिवासी समाजातली. लहानपणी आईबरोबर वाडीत कामाला यायची आणि एल्साच्या मागे मागे फिरायची. मी विचारलं, इतकी वर्षं तबकडी कशी ठेवली असेल तिने? काका म्हणाले, "काय सांगावं. ती माणसं साधी. मी तिला लॅमिनेशनचं सुचवलं होतं, ऐकलं नाही."

तिसऱ्या दिवशी पायाला पट्टा बांधून काका माझ्याबरोबर जीपमध्ये बसले. तलासरीच्या पुढे रस्त्याकडेला उंबाडियुं (मडक्यात पाला घालून भाजलेले कंद आणि पापडीच्या शेंगा) विकायला होतं. विकणारा एका गिऱ्हाइकाशी गुजरातीत, दुसऱ्याशी मराठीत आणि मडक्याशी हिंदीत बोलत होता. जिथे तिथे घरांपुढे ताडपत्र्या ताणलेल्या होत्या. माणसं झोपायला बाहेर आली होती.

लखमीआजीही ताडपत्रीखालीच बसली होती. मागे सरकारी घरकुल, त्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा. शेजारी जुनं कुडाचं घर, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेलं, त्याला काहीही झालं नव्हतं.

"कुड हालतो न् उभा ऱ्हातो," आजी म्हणाली. मग काकांचा पाय पाहून, "वसंता, पडलास का?"

ब्याऐंशी वर्षांचे काका खाली मान घालून म्हणाले, "पडलो."

मी तबकडीचं विचारलं. आजीने सुनेला हाक मारली. सून कुडात गेली, कणगीत (भात साठवायच्या बांबूच्या मोठ्या टोपलीत) खांद्यापर्यंत हात घातला आणि एक गाठोडं काढलं. जुन्या मऊ लुगड्याचे तीन पदर, आत दोन सपाट फळ्या, फळ्यांमध्ये स्वच्छ सुती फडकं, आणि त्यात ती तबकडी. ॲल्युमिनियमच्या पातळ चकतीवर काळा, लाखेसारखा थर. असा थर सत्तर-ऐंशी वर्षांत पोपडे धरून सुटतो. याला कडेला नखाएवढी चीर होती, बाकी आरशासारखा.

अंधार, कोरडी जागा, भाताची चारी बाजूंनी गादी. जमीन हादरली तरी हिला कळलंही नसेल. मी हातमोजे घालायचे विसरले आणि आजीच मला ओरडली, "बोट नको लावू! कडेला धर!"

"तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

"एल्साबायनी. वरसातून एक दिस वाजवायची, तिचे आयशीच्या वाढदिवसाला. मग आयशीची खबर आली, त्यानंतर कधी नांय वाजवली. जाताना माना (मला) दिली. सांगितला, मी नेली तं रोज ऐकीन, न् मंग ती झिजून जाईल. तू ठेव."

आजीने तबकडी परत फडक्यात गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली, पण सोडली नाही.

"नेशील तं ने. पण आवाज माना आणून दे. मी हाय तवर."

मी मान डोलावली.

"लवकर," ती म्हणाली, आणि मग सोडली.

मुंबईत जुन्या आवाजांचं काम करणारा एक जाणकार होता. त्याने आठ दिवस तबकडीकडे नुसतं पाहिलं, नवव्या दिवशी हलकी सुई लावून एकदाच वाजवली आणि उतरवून घेतली. रूथबाईंनी जर्मनचा अर्थ लिहून पाठवला. मार्चमध्ये मोबाइल आणि लहानसा स्पीकर घेऊन मी पुन्हा उधव्याला गेले. या वेळी काकाकाकू दोघंही बरोबर होते. काकूंनी काकांचा हात धरून त्यांना जीपमधून उतरवलं.

आधी खरखर आली, मग एका बाईचा घाईघाईचा आवाज. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. "एल्सी, तिकडे फार गरम असेल, तरी लोकरीचे मोजे घाल. पाणी उकळून पी. शेजारणीच्या जोड्याचा आपल्या कुत्र्याने फडशा पाडला, आता ती आमच्याशी बोलत नाही, बरंच झालं." मध्येच एक पुरुष ओरडतो, "लवकर, तबकडी संपत आली!" बाई त्याला म्हणते, "मग तू गप्प बस ना." काकू खळखळून हसल्या. "सगळीकडे सारखंच," त्या म्हणाल्या.

मग ती आई गायला लागली. अंगाई होती. आवाज थोडा उंच लागला होता, पण कुठे कापला नाही. दुसऱ्या ओळीच्या मधोमध, एका शब्दाच्या अर्ध्यावर, तबकडी संपली.

मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला, आणि लखमीआजी गाऊ लागली. तुटलेल्या शब्दाचा उरलेला भाग, मग ती ओळ, मग पुढच्या चार ओळी. जर्मन शब्द तिच्या तोंडात गोल होऊन वारली झाले होते, पण चाल सरळ होती. डोळे उघडे, नजर समोरच्या सागाकडे. संपल्यावर तिने आमच्याकडे पाहिलं.

"हितून पुढला एल्साबाय म्हणायची," तिने समजावलं. "आयशीला जागा नांय पुरली म्हणून."

काकांनी शिटी खिशात ठेवली, मग पुन्हा काढली, आणि कारण नसताना शिटीकडे बघत राहिले.

मोबाइलमध्ये आजीचं गाणंही उतरलं होतं. मी तिला विचारून ते लंडनला पाठवलं. रूथबाईंचं उत्तर मी डहाणूच्या एस.टी. स्थानकावर वाचलं. त्यांच्या आईला ती अंगाई अर्धीच माहीत होती. एल्सा घरी गाताना नेहमी तिथेच थांबायची, आणि विचारलं तर म्हणायची, पुढचं मी ठेवून आले आहे.

परतीच्या गाडीत मी रूथबाईंच्या संग्रहासाठी नोंदीचा तक्ता भरायला घेतला. 'जतन कसं झालं' असा एक रकाना होता. तिथे मी नेहमी तापमान आणि आर्द्रता लिहिते. विक्रमगडच्या वळणांवर अक्षर वेडंवाकडं येत होतं. अंगाईपुढे मी लिहिलं: "अर्धी कणगीत, अर्धी लखमीआजीच्या गळ्यात. दोन्ही उत्तम स्थितीत." मग वाटलं, हे शास्त्रीय भाषेत बसत नाही. खोडायला पेन टेकवलं, आणि तसंच राहू दिलं.