कुंदाताईंचा तळहात

नाकाचं ऑपरेशन संपत आलं की कुंदाताई शिगवण डावा हात पुढे करायच्या. तळहात वर, बोटं पसरलेली. समोर सर्जन कोण आहे, भूल देणारे डॉक्टर कोण आहेत, याच्याशी त्या हाताला काही देणंघेणं नसे. घशात ठेवलेली गॉजची ओली पट्टी त्या तळहातावर आल्याशिवाय हात खाली जायचा नाही. पट्टी आली की त्या ती उलगडून शेवटपर्यंत बघत आणि मागे न वळता मला सांगत, "आता पूस."

पुसायचा तो भिंतीवरचा पांढरा बोर्ड. त्यावर मी सुरुवातीला लिहिलेलं असे : घशात पॅक, एक. पूर्ण भूल देऊन नाकाचं ऑपरेशन करताना रक्त मागच्या बाजूने घशात उतरतं, ते फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासाच्या नळीभोवती ती पट्टी दाबून बसवतात. काम झालं की आधी पट्टी काढायची, मग नळी. पट्टी आत राहिली आणि नळी निघाली, तर माणूस टेबलावरच गुदमरतो. एवढीशी गोष्ट. पण चार ऑपरेशनं झाल्यावर, सगळ्यांना घरी जायचं असताना, एवढीशीच गोष्ट विसरली जाते.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, खाडीपासून फार लांब नसलेलं. कुंदाताई तळ्याजवळच्या एका गावातल्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. सातवी शिकलेल्या. झाडलोटीला लागल्या आणि पाच-सहा वर्षांत सर्जनच्या हातात हत्यारं द्यायला उभ्या राहिल्या. मी मुंबईहून ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, टेक्निशियनचा कोर्स करून आलो तेव्हा माझ्याकडे सर्टिफिकेट होतं आणि त्यांच्याकडे तांदळाची कणी होती.

कणी म्हणजे खरोखरची कणी. नव्या माणसासमोर त्या काळं कापड पसरत, त्यावर एक कणी ठेवत आणि कानाचा बारीक चिमटा हातात देत. "उचल. कानातलं शेवटचं हाड एवढंच असतं." मी उचलली, ती निसटली. "गेला माणूस बहिरा. परत उचल. आन् श्वास कशाला सोडतोस, फुंकर मारायचीय का?" दहादा सलग उचलल्याशिवाय त्यांनी मला कानाच्या ऑपरेशनला आत घेतलं नाही.

पुस्तकातली नाकाची आकृती मी त्यांना कौतुकाने दाखवली, तर नेहमीसारखा माझ्या विलासचा इलास करत म्हणाल्या, "चांगली हाय. पण इलास, नाक म्हंजे घर. पुढं दोन खिडक्या, मागं एकच पडवी. खिडक्या पुसून कोरड्या केल्यास म्हणून पडवी कोरडी होत न्हाय." घशाबद्दल त्या म्हणत, "घसा म्हंजे आगरदांड्याची जेट्टी. वारा आन् भात एकाच धक्क्यावर उतरतात, मंग आपापल्या वाटेला लागतात. धक्क्यावर सामान टाकून निघून जायचं न्हाय." इतकं नेमकं मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांच्या तळहाताचा सगळ्यांनाच कंटाळा यायचा. सर्वांत जास्त मोठ्या सरांना. ते सर्जन, दर गुरुवारी बाहेरून येत, हात फार सफाईचा, आणि वेळेची सदा घाई. "कुंदा, भीक मागतेस काय?" असं ते विचारत. त्या म्हणत, "व्हय सर. द्या."

नाझीरभाई हा दिघी-आगरदांडा फेरीबोटीवर दोर टाकणारा माणूस. नाकाचं हाड वाकडं, एका बाजूने श्वास बंद. त्या गुरुवारचं ते पाचवं ऑपरेशन. सर हातमोजे उतरवत म्हणाले, "काढलं ना सगळं?" मी बादलीत पाहिलं. रक्ताने भिजलेली एक लांब पट्टी तिथे पडलेली होती. ती नाकातली होती. मी तिला घशातली समजलो, वाकून पाहिलं नाही, आणि म्हणालो, "हो सर." ताईंनी सांगण्याची वाट न बघता मी बोर्ड पुसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी नळीला हात घातला. कुंदाताईंचा हात अजून पसरलेलाच होता.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "पॅक माझ्या हातात आला न्हाय."

"बोर्ड पुसलाय," सर म्हणाले. "विलास सांगतोय ना."

"इलास सांगतोय. हात सांगत न्हाय."

"बाजूला हो, कुंदा."

त्या बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी रक्ताळल्या हातमोज्यातला उजवा हात बाईंच्या मनगटावर ठेवला आणि मनगट धरलं. "मॅडम, नळी नका काढू. आधी बत्ती लावून बघा. न्हाय निघाला तर उद्या मला कामावरनं काढा." बाईंनी सरांकडे पाहिलं, मग बत्ती घेतली, वाकल्या, आणि चिमट्याने वीतभर गॉज बाहेर काढला. तो त्यांनी कुंदाताईंच्या तळहातावर ठेवला. ताईंनी तो उलगडून पाहिला. "आता पूस," असं त्या म्हणाल्या नाहीत. पुसायला काही उरलंच नव्हतं.

खोलीत सगळ्यांना समजलं होतं. तरीही सरांनी तक्रार दिली : ओटीत डॉक्टरांचा हात धरला, आवाज चढवला, शिस्त मोडली. भुलीच्या बाई बाहेरच्या, त्यांना चौकशीला कुणी बोलावलंच नाही. विचारलं मला. त्या महिन्यात माझा कायम होण्याचा कागद ट्रस्टच्या टेबलावर होता, आणि चिटणिसांनी मला त्याची दोनदा आठवण करून दिली. मी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं : पॅक बाहेर आल्यावरच मी बोर्ड पुसला. कुंदा शिगवण यांनी विनाकारण गोंधळ घातला.

त्यांना सांगण्यात आलं, माफी लिहून द्या आणि ओटीत राहा. त्या उभ्यानेच म्हणाल्या, "कशाची माफी लिवू? नाझीर जिता हाय याची?" दुसऱ्या दिवशी त्यांची बदली कपड्यांच्या खोलीत झाली, जिथे हिरवी कापडं धुऊन येतात आणि गॉजच्या घड्या घालून वाफेच्या यंत्रात जातात. जिन्यात त्या मला भेटल्या. मी खाली बघत होतो. "कागद वाचला मी, इलास," त्या म्हणाल्या. "अक्षर चांगलं हाय तुझं."

पुढच्या गुरुवारी मी घशाचा पॅक उघडला आणि हातात लाल नाडी आली. परकराची, सुती, हातभर लांब, पट्टीच्या टोकाला तीन गाठी मारून शिवलेली. पॅक आत गेला तरी नाडी तोंडाबाहेर हनुवटीपर्यंत लोंबत राहायची. आंधळ्यालाही सापडली असती. सर भडकले, खालून ताईंना बोलावलं. "हे हॉस्पिटल आहे की परकराचा कारखाना?"

त्या दाराबाहेरच उभ्या राहिल्या. आत यायची त्यांना बंदी होती. "परकराची नाडी सुटली तर लाज जाते, सर. ही विसरली तर माणूस जातो. वाफेतनं काढलीय, चावत न्हाय."

दोनदा लेखी बजावण्यात आलं. त्यांनी दोन्ही कागदांवर सही करून दिली आणि नाड्या शिवत राहिल्या. कापायला कात्री घेतली तर सगळी पट्टीच उसवेल अशी शिवण. शेवटी सरांनीच नाद सोडला, पुढे ते यायचेही बंद झाले. कुंदाताई निवृत्त झाल्या त्या कपड्यांच्या खोलीतूनच. निरोपाच्या दिवशी ट्रस्टने शाल दिली. ती त्यांनी घडीही न मोडता चिटणिसांच्या खुर्चीवर ठेवली. "थंडी न्हाय वाजत मला," म्हणाल्या. मी मागच्या रांगेत होतो. त्या सगळ्या वर्षांत मी रोज ती लाल नाडी हातात घेत होतो आणि त्यांच्याशी हवापाण्याचं बोलत होतो.

यंदा त्या पेशंट म्हणून आल्या. नाकात मांस वाढलेलं, वास येणं बंद झालेलं. नव्या डॉक्टर मॅडमना त्यांनी एकच अट घातली. "बोर्ड इलास लिवेल."

मी वॉर्डात गेलो. "ताई, माझ्यावर विश्वास आहे?"

"न्हाय. म्हणून तर. दुसरा कोणी असता तर झोपताना मी निवांत झाले असते. तू असलास तर तूच निवांत राहणार न्हायस."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी चिटणिसांच्या टेबलावर अर्ज ठेवला. जुना जबाब खोटा होता, बोर्ड मी न बघता पुसला होता, शिगवणबाई बरोबर होत्या, ही नोंद फाइलला लावा. चिटणीस नवे आहेत. ते म्हणाले, "आता कशाला उकरता? तुमचीच नोकरी धोक्यात यायची." मी म्हणालो, "पोच द्या." शिक्का बसेपर्यंत मी उभा राहिलो.

हल्ली भूल देण्याआधी ओटीतला प्रत्येक जण आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगतो. माझी पाळी आली. टेबलावर ताई जाग्या होत्या. मी नाव सांगितलं, काम सांगितलं आणि थांबलो नाही. नाझीरभाईंचा पॅक आत असताना मी बोर्ड पुसला, वर खोटं लिहून दिलं, आणि या बाईंना इथून बाहेर काढलं ते माझ्या सहीने, असं सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या हाताखाली शिकलेली दोन माणसं तिथे होती. कुणाला कुठे बघावं कळेना.

"झालं?" टेबलावरून आवाज आला. "मंग डॉक्टरीणबाईंना काम करू दे. कालपासनं उपाशी हाय मी."

मी बोर्डावर लिहिलं : घशात पॅक, एक. काम नीट झालं. मॅडमनी पॅक काढला, लाल नाडीसकट माझ्या हातात दिला. मी शेवटपर्यंत उलगडून पाहिला, सगळ्यांना दाखवला. नंतर नळी निघाली, श्वास मोकळा झाला. मॅडम म्हणाल्या, "विलास, बोर्ड?" मी म्हणालो, "थोडं थांबू या."

ताईंना शेजारच्या खोलीत नेलं. पॅक ट्रेमध्ये घेऊन मी खाटेशी उभा राहिलो. अर्ध्या तासाने त्यांच्या पापण्या हलल्या. नाकात बोळे, ओठ सुकलेले, डोळे धड उघडतही नव्हते. पण चादरीखालून डावा हात बाहेर आला. तळहात वर, बोटं पसरलेली.

मी पॅक त्यावर ठेवला. त्यांनी बोटांनी नाडी चाचपली, एकेक गाठ मोजली. तीन. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या,

"आता पूस."