हार्वेस्टरचा मॉनिटर टेबलावर लागला तेव्हा...

भूतखेत, चकवा, नजर... माझ्या दुकानात या विषयांना कधी बसायला खुर्चीसुद्धा मिळाली नाही. रिसोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वायर तुटली की करंट जात नाही, माझी श्रद्धा एवढीच! तरी हे लिहिते आहे, कारण गप्प बसवत नाही.

खंडेनवमी होती. माझ्या थोरल्या भावाचं हार्वेस्टर किन्हीराजा गावच्या शिवारात सोयाबीन काढत होतं. सकाळी वावरातच मशीनची पूजा झाली आणि दादाने नारळाचं पाणी थेट केबिनमधल्या मॉनिटरवर शिंपडलं! मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा तो छोटा मॉनिटर तिथेच बंद पडला. मशीनमागे बाया शेंगा वेचत असतात, म्हणून त्याच्याशिवाय दादा रिव्हर्स घेत नाही. मग वहिनी मॉनिटर काढून घेऊन जीपने माझ्याकडे आली. काम थांबलं म्हणून बाया घरी गेल्या, दादा एकटाच मशीनपाशी थांबला.

"वहिनी, याले आंघोळ घातली का काय तुमी?"

"तुमचे भाऊ म्हणे, मशीनच्या डोळ्यालेबी परसाद पायजे. मी काय बोलू, ताई? शुगरच्या गोळ्या चालू, अन् त्यात नऊ दिवसाचा उपास. बोललं का अंगावर येतेत."

मॉनिटर उघडला, पुसला, वाळवला. स्क्रीन जिवंत आहे का, हे बघायला साध्या कॉम्प्युटरलाच जोडायचं ठरवलं. पण गाडीचा मॉनिटर तो, त्याचा चार पिनचा गोल प्लग आपल्या कॉम्प्युटरला बसेल तर शपथ! मग बारा व्होल्ट कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून घेतले, चित्रासाठी मध्ये कन्व्हर्टर टाकला, प्लग कापून वायरी पिळल्या. स्विच दाबला... निळा पडदा... आणि चित्र! मी टाळीच वाजवली.

पण ते माझ्या कॉम्प्युटरचं चित्र नव्हतं. कापलेलं सोयाबीन, हार्वेस्टरचं मागचं चाक, आणि चाकाजवळ पालथा पडलेला माणूस.

"ताई... हे तं आपले हायेत," वहिनी कशीबशी म्हणाली.

जुनं रेकॉर्डिंग असेल, मी स्वतःला समजावलं. पण या मॉनिटरमध्ये मेमरीच नसते! दादाला फोन लावला. नुसती रिंग. शेजारच्या वावरातल्या सुभाषभाऊंना स्पीकरवर लावला.

"सुभाषभाऊ, पळा! दादा मशीनमागं पडला हाये!"

"तुले रिसोडात बसून कसं दिसलं?"

"आधी पळा ना!"

आणि मग... फोनवर त्यांची धाप ऐकू येत होती आणि स्क्रीनवर तेच धावत येताना दिसत होते. त्यांनी दादाला बसवलं.

"डोळे उघडून राह्यला, पण बोलत नाही. घामानं वलाचिंब झाला."

"शुगर उतरली! गोड द्या काईतरी!" वहिनी ओरडली.

"परसादाचे बुंदीचे लाडू हायेत. पण वहिनी, उपास मोडीन ना त्याचा?"

"मोडू द्या! मी पाहून घेतो देवीले!"

लाडू तोंडात गेला. थोड्या वेळाने दादाने हात हलवला, आणि फोनवर त्याचा आवाज आला, "काहून बोंबलून राह्यल्या गा तुमी?" आम्ही दोघी दुकानात अक्षरशः नाचलो! रडलोसुद्धा. पुन्हा टेबलाकडे पाहिलं तर मॉनिटरवर माझ्याच कॉम्प्युटरचा डेस्कटॉप, साधासुधा.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी दादाला घरी सोडलं. दसऱ्याला तो पठ्ठ्या परत मशीनवर चढला, पण पोटभर जेवून.

त्या कॅमेऱ्याला करंट मॉनिटरमधूनच मिळतो. म्हणजे मॉनिटर काढल्यावर कॅमेरा मेलेलाच होता. जिवंत असता तरी वायरीचा कॅमेरा तासाभराच्या वाटेवरून चित्र कसं पाठवेल? नंतर मी तीच जोडणी कितीदा करून पाहिली, एकदाही वावर दिसलं नाही. लाइनीतल्या लोकांना विचारलं, ते हसले.

हसू देत. मलाही अजून काही उलगडलेलं नाही. पण दर खेपेला फोनवर दादा "हॅलो" म्हणतो ना, तेव्हा खरं सांगते, मला उलगडून घ्यायचंही नसतं.